घरी चांदीचं कोलॉइड करताय? या चुका टाळा

लातुरात अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवतो. कोलॉइडचा, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, धडा झाला की पुढच्या आठवड्यात कुणीतरी बाटली घेऊन उभं राहतंच. "सर, चांदीचं पाणी केलं, पण दुधासारखं झालं. आता काय टाकू?" आता काहीच टाकू नका, पुन्हा पहिल्यापासून करा. चूक चांदी सोडण्याआधीच झालेली असते, पाण्यात.

दोन वर्षांमागं एका मुलाचे वडीलच बाटली घेऊन आले. शेतातल्या बोअरचं पाणी त्यांनी फडक्यानं गाळून, उकळून घेतलं होतं. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढं एक जोडल्या, चांदीच्या दोन तारा पाण्यात सोडल्या आणि पाचच मिनिटांत तारेपासून पांढरे धागे सुटून तळाकडं उतरायला लागले. त्यांना वाटलं, चांदी उतरतेय. पाणी गढूळ दिसलं म्हणून वरून मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धी बाटली ओतलं. निवळलं नाही. मग उन्हानं निवळेल म्हणून बाटली गच्चीवर ठेवली, तर संध्याकाळपर्यंत आतलं सगळं जांभळट राखाडी!

ते पांढरं म्हणजे सिल्व्हर क्लोराइड. बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतंच, चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, सुटला की त्याला धरतं आणि साका बसतो. पेरॉक्साइडनं तो विरघळत नाही, उजेडात काळवंडतो. जुन्या फोटोच्या कागदात याच गुणाचा उपयोग करत. आणि उकळल्यानं क्लोराइड कमी होत नाही, पाणी आटून उलट दाट होतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे गाव, पाणी विकत घ्यायला आपला हात आखडतो हे मला कळतं. पण इथं डिस्टिल्ड पाण्याला पर्याय नाही. आरओचंही चालत नाही, त्यात क्षार उरतात. मी बॅटरीवाल्याकडून सीलबंद कॅन आणतो आणि टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, बुडवून बघतो. आकडा दोनच्या वर गेला तर ते पाणी इन्व्हर्टरला.

शुद्ध पाण्यातून सुरुवातीला करंट जवळजवळ जातच नाही. इथंच नवशिक्यांचा धीर सुटतो आणि चिमूटभर मीठ पडतं. मीठ म्हणजे क्लोराइडच की! कृपा करून थांबा. चांदी उतरत जाते तसा करंट आपोआप वाढतो. मी मीटर जोडून ठेवतो: एक मिलिअँपिअर करंट तासभर गेला तर जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम चांदी उतरते. लिटरभर पाण्याला तेवढी पुष्कळ झाली. रात्रभर चालू ठेवून सकाळी काळा गाळ दाखवायला आणू नका.

चार्जरची वायर तोडून जोडू नका. बॅटरीच वापरा.

जोडवी, तोरड्या वापरू नका. त्यात तांबं असतं, वर टाका लावलेला असतो. ते सगळं पाण्यात येतं. सराफाकडून ९९.९ टक्के शुद्ध चांदीची तार घ्या.

आता पेरॉक्साइड. पिवळसर झालेल्या पाण्यात थेंब टाकले की पिवळेपणा जातो आणि मुलं खूश होतात, "सर, शुद्ध झालं!" शुद्ध काही झालेलं नसतं. तो सोनेरी पिवळा रंग चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचाच असतो. पेरॉक्साइड त्या कणांचं ऑक्सिडेशन करून आयन बनवतं, म्हणजे जे करायला बसलात तेच विरघळवून टाकलंत. खात्री करायची तर अंधारात लेझर मारून बघा. कण असतील तर किरणाची रेघ पाण्यातून आरपार दिसते, पेरॉक्साइडनंतर तीच रेघ पुसट होते. मी तर पेरॉक्साइड फक्त हे दाखवायलाच वापरतो, वेगळ्या ग्लासात, दोन-तीन थेंब. मेडिकलची बाटली बहुधा ६ टक्क्यांची, म्हणजे '२० व्हॉल्यूम'ची असते. कारखान्यातलं ५० टक्क्यांचं कुणी आणून दिलं तर हातही लावू नका, कातडी पांढरी पडून भाजते. चांदीमुळं पेरॉक्साइड फुटून ऑक्सिजन सुटतो, म्हणून मिश्रणाच्या बाटलीचं बूच कधी घट्ट लावू नका, आपल्या मे महिन्यात तर नाहीच.

आणि हे पिऊ नका. डेंग्यूला, साखरेला, पोटाला चालतं का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच उत्तर आहे: नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स १९९९ पासून घरी केलेलं असंच पाणी पीत होते. त्यांची कातडी निळसर राखाडी झाली. चांदी कातडीत साठते, तो रंग आपोआप परत जात नाही. १९९९ मध्येच तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, दुकानात विकली जाणारी अशी औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असा नियम केला. मुलांसाठी तर हे कुणी विचारूच नये. ताप असेल तर डॉक्टरकडं जा.

राहिलेलं पाणी आडात, तळ्यात ओतू नका, माशांना ते विषारी आहे. माझ्या कपाटातली तपकिरी बाटली उजेडापासून लांब, वरच्या फळीवर असते. तिच्यावर तारीख आणि लाल शाईत 'पिऊ नये' लिहिलेलं आहे, कारण घरात नातवंडं आहेत.