ओपनिंग पाठ आहे, तरी डाव पंधराव्या खेळीत का जातो? या चुका टाळा

इंदूरच्या अंडर-11, अंडर-13 बुद्धिबळ स्पर्धांत पहिल्या एक-दोन फेऱ्यांत हे हमखास दिसतं. पोराला इटालियन ही ओपनिंग तोंडपाठ असते, पण समोरच्याने जरा वेगळं खेळलं की सगळं बिनसतं.

सगळ्यात जास्त डाव जातात ते इथे. आधी पांढरा, मग काळा, असं आळीपाळीने: प्यादं ई4, प्यादं ई5, घोडा एफ3, घोडा सी6, उंट सी4, घोडा एफ6. आता पांढरा घोडा जी5 वर येतो. उंट आणि घोडा, दोघांचा डोळा एफ7 वर. काळा डी5 खेळतो, पांढरं प्यादं ते मारतं. इथवर ठीक. मग काळ्याचा हात आपोआप घोड्याकडे जातो, कारण डी5चं प्यादं फुकट दिसतं. तिथेच फसगत. पांढरा घोडा एफ7 वर पडतो, वजीर आणि हत्ती एकदम धोक्यात, म्हणून राजा त्याला मारतो. वजीर एफ3 वरून शह देतो आणि डी5चा घोडा राखायला राजाला ई6 वर, भर पटात यावं लागतं. हाच तो फ्राइड लिव्हर नावाचा हल्ला. काळा लगेच हरतो असं नाही, पण दहा वर्षांच्या मुलाने घड्याळ चालू असताना हे सांभाळणं कठीणच.

त्याऐवजी, म्हणजे डी5चं प्यादं न मारता, काळ्याने घोडा ए5 खेळून उंटावर हल्ला करा. उंट बी5 वरून शह देईल, तुम्ही प्यादं सी6. मारामारीत एक प्यादं कमी होतं, होऊ द्या. काळ्याचे मोहरे भराभर बाहेर पडतात. एवढी भानगड नकोच असेल तर तिसऱ्या खेळीला उंट सी5. मग घोडा जी5 वर आला तर वजीर त्याला सरळ मारतो.

इंदूरच्या रामबागेतल्या आजोबांकडे शिकलेल्यांची अडचण निराळी. देशी पद्धतीच्या डावात राजा एकदा घोड्यासारखी उडी मारतो. स्पर्धेत ती नियमबाह्य खेळी. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावात पहिल्या वेळी समोरच्याला 2 मिनिटं मिळतात, दुसऱ्या वेळी साधारणपणे डावच जातो. किल्लेकोट (कॅसलिंग) करताना आधी राजा उचला, तोही एकाच हाताने. आधी हत्तीला हात लावलात तर त्या बाजूचा किल्लेकोट गेला, आणि शक्य असेल तर हत्तीच खेळावा लागतो.

90 मिनिटांचा डाव 20 मिनिटांत उरकणाऱ्यांना घड्याळ कितीही दाखवा, उपयोग नाही. प्रत्येक खेळी लिहायला लावा, वेग आपोआप कमी होतो. आणि पालकांनो, दारातून खुणा करू नका. आर्बिटरला, म्हणजे पंचाला, दिसतं.