बेडरिडन पेशंटसाठी केअर सेंटर निवडताना काय काय बघायचं

घरात कुणी अंथरुणाला खिळलं, ब्युरोच्या मावशी टिकेनात आणि मुलं दुसऱ्या शहरात नाहीतर पार अमेरिकेत, की केअर सेंटरचा विषय निघतोच. मग लोक मोबाईलवर फोटो बघतात, बाग, देवघर, एसी रूम, आणि डिपॉझिट भरून मोकळे होतात. बाग बघा हवी तर, पण जो माणूस स्वतःहून कुशीवर वळू शकत नाही त्याची पाठ आणि टाचा रोज कोण बघणार हे आधी विचारा. सासऱ्यांना स्ट्रोकनंतर ठेवायची वेळ आली तेव्हा आम्ही बऱ्याच जागा पाहिल्या, त्यातून जे कळलं ते लिहितेय.

आधी कागदपत्रं, हे पटकन होतं. आपल्याकडे नर्सिंग होमला 1949 च्या महाराष्ट्र कायद्याखाली रजिस्ट्रेशन लागतं, पण 'केअर सेंटर' अशी पाटी लावलेली प्रत्येक जागा त्यात मोडतेच असं नाही, त्यामुळे तुमचं रजिस्ट्रेशन नेमकं कशाखाली आहे ते सरळ विचारा आणि सर्टिफिकेट बघा. आगीचं पण विचारा. फायर यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो, शेवटचा कधीचा आहे ते बघा. आणि तिसऱ्या मजल्यावर बेडरिडन पेशंट असतील तर लिफ्ट बंद पडल्यावर त्यांना खाली कसं आणणार? हा प्रश्न विचारल्यावर समोरचा गडबडला तर समजून जा.

आता स्टाफ. दिवसा किती लोक आहेत ते सगळेच सांगतात, तुम्ही रात्रीचं विचारा. रात्री एका मावशीकडे किती पेशंट, सिस्टर रात्री असते की फक्त फोनवर, ती एएनएम किंवा जीएनएम (नर्सिंगचे मान्यताप्राप्त कोर्स) झालेली आहे का आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का. कारण बऱ्याच ठिकाणी चार दिवस हाताखाली काम शिकलेल्या मुलीला पण सिस्टरच म्हणतात. त्या मुलीचा दोष नाही हो, पण इन्सुलिन कोण देतंय हे आपल्याला माहीत पाहिजे.

भेट द्यायची ती एकदा अपॉइंटमेंट घेऊन आणि एकदा न सांगता, शक्यतो रविवारी किंवा रात्रीच्या जेवणाच्या वेळेला. जेवण भरवताना बघा. पेशंटला आडवं ठेवून घाईघाईत घास कोंबत असतील तर ती जागा सोडा, कारण ठसका लागून अन्न फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो आणि म्हाताऱ्या माणसाला तो झेपत नाही. भरवताना पेशंट बसता पाहिजे, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली, अन्न द्यायची नळी) असेल तर डोक्याकडची बाजू निदान 30 अंश वर पाहिजे आणि फीड झाल्यावर पण अर्धा तास तशीच. युरिन बॅग पलंगावर पेशंटच्या शेजारी ठेवलेली दिसली तर विचारा, ती कायम पेशंटच्या मूत्राशयाच्या खालच्या लेव्हलला लटकवायची असते, पण जमिनीला टेकता कामा नये. पाण्याचा ग्लास हाताला येतो का, बेल हाताला येते का ते बघा, आणि ती बेल स्वतः दाबून बघा कोण किती वेळात येतं ते.

बेडसोअरबद्दल, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांबद्दल, जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त हाल त्यानेच होतात. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, एअर बेड असला तरी सुद्धा, आणि त्याचा एक चार्ट पलंगापाशी असतो. तो चार्ट नीट वाचा. आम्ही एका ठिकाणी सकाळी अकराला गेलो होतो आणि चार्टवर दुपारी चारपर्यंतच्या सह्या आधीच झालेल्या होत्या, एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात! तिथून आम्ही सरळ बाहेर पडलो.

ॲडमिट केल्यावर हे काम तुमचं. दर भेटीला पांघरूण बाजूला करून माकडहाड, कंबरेची दोन्ही हाडं, टाचा आणि घोटे बघा. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर क्षणभर पांढरं पडलं तर ठीक, लालच राहिलं तर ती बेडसोअरची सुरुवात असू शकते, लगेच सिस्टरला दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, म्हणून हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा तिथे गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतं का. कुणी लाजत असेल तर लाजू नका, आपलंच माणूस आहे.

अजून एक, माणूस अचानक दिवसभर झोपूनच राहायला लागला तर औषधांची लिस्ट मागा, नवीन झोपेची गोळी सुरू केलीय का आणि कुठल्या डॉक्टरने ते विचारा. हात बांधलेले दिसले तर कारण आणि डॉक्टरची लेखी नोंद मागा. वजन दर महिन्याला करायला सांगा. परदेशात असाल तर व्हिडिओ कॉलवर नुसतं "बाबा जेवलात का" विचारून ठेवू नका, सिस्टरला कॅमेरा टाचांकडे न्यायला सांगा, आणि गावातल्या एका नातेवाईकाला न सांगता जायला सांगा.

पैशांचं सगळं लेखी घ्या, डायपर, औषधं, ड्रेसिंग, ॲम्ब्युलन्स वेगळं लागतं का, रात्री इमर्जन्सी आली तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार, आणि मध्येच सोडलं तर डिपॉझिट किती दिवसात परत. तक्रार आधी मॅनेजरकडे लेखी द्या, फोटो आणि तारखेसकट. ऐकलं नाही तर ज्येष्ठांसाठीची एल्डर लाईन आहे, 14567, टोल फ्री, तिथे फोन करा. मारहाण किंवा उपासमारीचा संशय असेल तर त्याची वाट न बघता 112 ला फोन लावा आणि पेशंटला आधी तिथून बाहेर काढा, डिपॉझिटचं नंतर बघता येतं.