या चुका टाळा: व्यापारवादाचं उत्तर लिहिताना

मुख्य परीक्षेच्या सराव उत्तरपत्रिका तपासायला बसलो की 'व्यापारवाद आणि त्याचे वसाहतींवरील परिणाम' या प्रश्नापाशी माझा चहा गार होतो. प्रश्न अवघड नाही. व्यापारवाद म्हणजे आयातीपेक्षा निर्यात जास्त ठेवून देशात सोने-चांदी आणायची आणि त्यासाठी वसाहतींचा व्यापार आपल्याच मुठीत ठेवायचा, हे सोळाव्या ते अठराव्या शतकातलं युरोपीय धोरण. पण पन्नासातल्या चाळीस जणांनी तीच चूक त्याच शब्दांत केलेली असते. वाक्य ठरलेलं: "व्यापारवाद म्हणजे सोने-चांदी साठवणे, म्हणून 1600 साली ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली व ती भारतातील सोने-चांदी इंग्लंडला नेऊ लागली."

या वाक्याचा पहिला भाग अर्धवट खरा आहे आणि दुसरा साफ उलटा. आणि तो उलटा करण्यात माझाही हात आहे.

क्लासमध्ये शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी मी हाताने नोट्स काढल्या होत्या. पान 14 वर एक नकाशा. सुरतेपासून लंडनपर्यंत एक जाड बाण, त्यावर लिहिलेलं 'चांदी'. ऐंशी प्रती झेरॉक्स करून वाटल्या. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, चांदी जर इथून जात होती, तर सुरतेच्या टांकसाळीत एवढे रुपये कशाचे पाडत होते?" मी "चांगला प्रश्न, उद्या बघू" म्हणालो. शिक्षक असं म्हणतो तेव्हा त्याला उत्तर येत नसतं, हे वर्गाला ठाऊक असतं.

उत्तर असं. सतराव्या शतकात इंग्लंडकडे इथे विकण्यासारखं फारसं काही नव्हतंच. त्यांचा हुकमी माल म्हणजे लोकरीचं कापड, आपण ज्याला बनात म्हणायचो ते. सुरतेच्या उकाड्यात बनात घालणार कोण? दरबारी मंडळी थोडीफार घेत, बाकी माल पडून राही. कंपनीला मात्र इथलं सुती कापड, नीळ, मिरी हवी होती. मग किंमत चुकती करायची ती चांदीत. पहिल्या सनदेतच दर सफरीला 30,000 पौंडांपर्यंतची नाणी आणि चांदी बाहेर न्यायची मुभा कंपनीने मागून घेतली होती. ही चांदी मुळात बरीचशी पोटोसी (आजच्या बोलिव्हियातलं) आणि मेक्सिकोच्या खाणींतली. स्पॅनिश रियाल या नाण्याच्या रूपात ती युरोपात यायची, तिथून जहाजाने सुरतेला आणि सराफांच्या हातून टांकसाळीत. बाण लंडनहून सुरतेकडे होता.

लंडनमध्येही यावरून कंपनीला शिव्या पडत होत्याच. देशाची चांदी बाहेर घालवता म्हणून. त्याला उत्तर दिलं थॉमस मन याने. हा स्वतः कंपनीचा संचालक. त्याचं म्हणणं, एका व्यापारात किती चांदी गेली हे मोजू नका, सगळ्या व्यापाराची गोळाबेरीज करा. हिंदुस्थानचा माल युरोपात पुन्हा विकला तर गेली त्याहून जास्त चांदी परत येते. शेतकरी बी मातीत टाकतो तेव्हा तो वेडा वाटतो, पण सुगी बघा, हा दाखलाही त्याचाच. त्यामुळे 'साठवणे' हा शब्द वापरायचाच असेल तर जपून वापरा. व्यापारवादाचा जीव व्यापारशेषात, म्हणजे निर्यात आणि आयात यांतल्या फरकात आहे, तिजोरीत नाही.

बाण वळला तो पुढे. 1757 ला प्लासी, 1765 ला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क. त्यानंतर बंगालचा माल विकत घ्यायला कंपनीला बाहेरून चांदी आणायची गरज जवळपास उरली नाही. रयतेकडून वसूल केलेल्या सारा-महसुलातूनच ती कापड आणि रेशीम उचलू लागली, आणि या खरेदीला तिने नाव दिलं 'गुंतवणूक'. ज्या विणकराचा माल घ्यायचा, त्याच्याच मुलखाच्या पैशाने. हा फरक ज्याच्या उत्तरात दिसतो त्याला मी डोळे झाकून दोन गुण जास्त देतो. 1600 ते 1765 एका वाक्यात गुंडाळणाऱ्याला देत नाही.

माझी सवय सांगतो. समासात एक छोटी होडी काढायची. त्यात काय भरलंय, पैसे कोण देतंय, आणि ही होडी दुसऱ्या कोणत्या बंदरात जायला मनाई आहे, एवढं लिहायचं. शेजारी साल. पद्धत म्हणून कुठे छापण्यासारखी नाही, पण होडी काढली की बाण चुकत नाही. 'दहा मिनिटांत व्यापारवाद' बघून आलेल्यांना हे बालिश वाटतं. वाटू दे.

दुसरी चूक माझ्या जास्त डोक्यात जाते: कायदा झाला की अंमल झाला असं धरून चालणं. अमेरिकेतल्या वसाहतींबद्दल मुलं नौकानयन कायदे (वसाहतींचा माल इंग्रजी जहाजांतून आणि इंग्लंडमार्गेच न्यायची सक्ती करणारे) 1651, 1660, 1663 असे पाढ्यासारखे लिहितात आणि खाली एकच ओळ, "त्यामुळे वसाहतींचे शोषण झाले व 1776 ला क्रांती झाली." मधली शंभर वर्षं लोक काय झोपले होते?

मळीचं बघा. आपल्या साखर कारखान्यात निघते तीच मळी. न्यू इंग्लंडमधले, म्हणजे अमेरिकेतल्या ईशान्येकडच्या वसाहतींतले लोक तिची रम गाळत, आणि मळी घेत कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांवरून, कारण ती स्वस्त पडे. ब्रिटिश बेटांवरच्या मळेवाल्यांनी लंडनला तगादा लावला आणि 1733 च्या कायद्याने परकी मळीवर गॅलनमागे सहा पेन्स जकात बसली. हा कर कोणी भरला? जवळपास कोणीच नाही. तस्करी सर्रास चालायची आणि जकात नाक्यावरचा माणूस काहीतरी घेऊन कागदावर सही करायचा. 1764 मध्ये लंडनने हीच जकात निम्मी करून तीन पेन्सवर आणली, पण या वेळी खरोखर वसूल करायचं ठरवलं. बोंब झाली ती तेव्हा. कर कमी झाला आणि भडका उडाला, हे कोडं सोडवता आलं तर तुम्हाला व्यापारवाद कळला. शिवाय त्याच नौकानयन कायद्यांमुळे इंग्रजी साम्राज्यातली जहाजं हवी असत, म्हणून न्यू इंग्लंडच्या गोद्यांना भरपूर काम मिळालं, हेही लिहा. सगळीच वसाहत रडत नव्हती.

'सामाजिक परिणाम' या मथळ्याखाली रेल्वे लिहिणाऱ्यांनो, नौकानयन कायदे 1849 ला मोडीत निघाले. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली 1853 ला. तुम्ही पुढच्या धड्यातलं उतरवलंय.

त्या मथळ्याखाली काय यायला हवं? आजच्या इंडोनेशियातली बांदा बेटं. जायफळ तेव्हा जगात तिथेच पिकायचं. मक्ता पक्का करण्यासाठी 1621 मध्ये डच कंपनीच्या यान पीटरझोन कून याने तिथली वस्ती जवळजवळ संपवली. लोक मारले, पळवले, गुलाम करून नेले. मग जमिनीचे तुकडे पाडून कंपनीच्या माणसांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. किंवा कॅरिबियनमधलं इंग्रजांचं बार्बाडोस बेट, जिथे 1640 च्या दशकात ऊस आला आणि काही दशकांत गुलामांची संख्या गोऱ्यांहून जास्त झाली. एका पिकाच्या हिशेबासाठी अख्खा समाज पुसून नवा मांडला जातो, तो सामाजिक परिणाम.

"शिवाजी महाराज व्यापारवादी होते" हेही दरवर्षी दोन-तीन पेपरांत असतं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशचं (गोवा) स्वस्त मीठ येऊन आपली मिठागरं बसू नयेत म्हणून 1671 मध्ये त्यांनी कुडाळच्या सुभेदाराला जकात वाढवायला लिहिलं, हे खरं आणि दाखला उत्तम. पण संरक्षक जकात हा व्यापारवादाचा एक तुकडा झाला. वसाहत, मक्ता, सक्तीचं बंदर यातलं काहीच तिथे नाही. तुलना करा, शिक्का मारू नका.

उरलेल्या झटपट. दादाभाई नौरोजींचा संपत्तीवहनाचा (भारताची संपत्ती इंग्लंडला वाहून जाते, हा) सिद्धांत खुल्या व्यापाराच्या काळातला आहे, व्यापारवादाखाली घुसडू नका. 'व्यापारवाद' हे नाव विरोधकांनी पाडलेल्या शब्दातून आलं, थॉमस मन स्वतःला व्यापारवादी म्हणवत नव्हता. स्पेनकडे सर्वांत जास्त चांदी आली आणि सोळाव्या शतकात तिथे महागाई चढत गेली, ही एक ओळ फुकटचा गुण आहे, सोडू नका. इंग्लंडने 1700 आणि 1721 ला हिंदी छापील कापडावर बंदी आणली ती घरच्या लोकर-रेशीमवाल्यांसाठी. मँचेस्टरच्या गिरण्या तेव्हा नव्हत्या.

माझ्या त्या नोट्स मी दुसऱ्याच आठवड्यात परत मागवल्या होत्या. साठ आल्या. राहिलेल्या वीसपैकी कुणीतरी स्कॅन करून ठेवली, आणि ती पीडीएफ आजही टेलिग्रामवर फिरते. मध्यंतरी कुणीतरी बाण लाल रंगाने ठळकही केलाय. तुमच्याकडे असेल तर पान 14 उघडा आणि बाणाचं टोक सुरतेकडे करा.