एलडॅपचा लॉगिंग प्रॉक्सी लिहिताय? या चुका टाळा

आमच्या महापेच्या ऑफिसात दर थोड्या महिन्यांनी कुणीतरी नवा पोरगा एलडॅपचा (डिरेक्टरी सर्व्हरला खाती, ग्रुप विचारायचा आणि लॉगिन तपासायचा प्रोटोकॉल) प्रॉक्सी लिहायला घेतो. ॲप आणि डिरेक्टरी सर्व्हरच्या मध्ये बसायचं, ३८९ पोर्टवरचं उघडं बोलणं वाचायचं आणि लॉगिन कुठे अडतंय ते शोधायचं, एवढंच काम. चुका मात्र ठरलेल्या.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे सॉकेटमधून एकदा वाचलं की एक अख्खा मेसेज आला, असं धरून चालणं. गेल्या पावसाळ्यात एकाने असा प्रॉक्सी टेस्टिंगला लावला आणि मोजक्याच लोकांचं लॉगिन बंद पडलं. दोन दिवस तो सर्व्हरवाल्यांशी भांडत होता. मी बसून पाहिलं, तर अडकलेले सगळे ढीगभर ग्रुपांत होते. त्यांचं सर्चचं उत्तर ४०९६ बाइटच्या वर जायचं, तुकड्यांत यायचं, आणि दुसरा तुकडा हेक्स ३० ने (एलडॅप मेसेजचा पहिला बाइट) सुरू होत नाही म्हणून साहेबांचा कोड तो फेकून द्यायचा. चोर घरातच होता.

मी आधी बाइट जसेच्या तसे पुढे सोडतो, प्रत वेगळ्या बफरमध्ये साठवतो आणि लांबी पुरी झाली की मगच उकलतो. वाचण्यात चूक झाली तर होऊ दे, वाहतूक अडता कामा नये. लांबीही दरवेळी एका बाइटात नसते. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टचा डिरेक्टरी सर्व्हर) लहानशा उत्तराची सुरुवातही हेक्स ३० ८४ अशी करते, म्हणजे लांबी पुढच्या ४ बाइटांत. ओपनएलडॅप या दुसऱ्या सर्व्हरवर चाललं म्हणून लगेच पाठ थोपटून घेऊ नका.

दुसऱ्या चुकीने माझं डोकंच फिरतं. सिंपल बाइंडमध्ये (नाव-पासवर्ड देऊन केलेलं एलडॅपचं लॉगिन) पासवर्ड उघडा येतो. हे लोक तो तसाच लॉगमध्ये लिहितात, वर ती फाइल ‘बघा ना सर’ म्हणत व्हॉट्सॲपवर पाठवतात! बाइंड रिक्वेस्टमधल्या हेक्स ८० टॅगपुढचा मजकूर, म्हणजे पासवर्ड, झाका, फक्त लांबी ठेवा. ‘नंतर झाकतो’ म्हणणाऱ्याने झाकलेलं मी अजून पाहिलेलं नाही. टेस्टचं खातं वापरा, परवानगी लेखी घ्या.

लांबी ठेवायची कारण ती शून्य असली, तरी काही सर्व्हर ‘यशस्वी’ म्हणतात. नाव आहे, पासवर्ड नाही, आणि ॲप खुशाल आत सोडतं.

बाइंड फसल्यावर सर्व्हर देतो तो नुसता ४९ कोड पाहून ‘पासवर्ड चुकला’ म्हणू नका. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या संदेशात ५२ई म्हणजे चुकीचा पासवर्ड, ७७५ म्हणजे खातं लॉक.

स्टार्टटीएलएस झालं, म्हणजे त्याच कनेक्शनवर एन्क्रिप्शन चालू झालं, की पुढे लॉगमध्ये कचराच दिसणार. प्रॉक्सीला दोष देऊ नका. रेफरल (‘दुसऱ्या सर्व्हरला विचार’ असं उत्तर) आला की ॲप तुम्हाला वळसा घालून थेट दुसऱ्या सर्व्हरकडे जातं. आणि ३८९ हवा म्हणून रूटने, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, कशाला चालवता? १३८९ वर बसा, ॲपमध्ये पोर्ट बदला.