क्लॉक डिव्हायडर: वारंवारता भागताना ड्यूटी सायकल ५० टक्के कशी राखावी

क्लॉकची, म्हणजे नियमित ठोके देणाऱ्या सिग्नलची, वारंवारता कमी करणं सोपं आहे. ठोके मोजायचे आणि ठरावीक संख्येनंतर एक पल्स सोडायचा. अडचण येते ती त्या पल्सच्या रुंदीची. दहाने भागलं आणि दहातला एकच ठोका वर राहिला, तर वारंवारता बरोबर येते, पण ड्यूटी सायकल, म्हणजे एका आवर्तनात सिग्नल वर राहण्याचा वाटा, १० टक्केच मिळते.

हे दुरुस्त करायची गरज खरोखर आहे का, ते आधी पाहा. पुढचं सर्किट फक्त चढत्या कडेवर (सिग्नल खालून वर जातो त्या क्षणी) चालत असेल आणि पल्स त्याच्या किमान रुंदीपेक्षा मोठा असेल, तर ड्यूटी सायकल कितीही असली तरी चालते. उगाच गेट वाढवू नका. पुढे दोन्ही कडा वापरल्या जात असतील, तर मात्र समान भाग हवेतच. ध्वनी किंवा रेडिओच्या कामातही ते हवे असतात, कारण ५० टक्क्यांच्या चौकोनी तरंगात सम हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दुप्पट, चौपट अशा सम पटीतल्या वारंवारता) नसतात.

सम संख्येने भागणे

डी फ्लिप-फ्लॉप क्लॉकच्या कडेवर डी इनपुटची किंमत आउटपुटवर घेतो आणि पुढच्या कडेपर्यंत धरून ठेवतो. त्याचा उलटा आउटपुट त्याच्याच डी इनपुटला जोडला की दोनने भागणारा डिव्हायडर तयार. ७४एचसी७४ या चिपमध्ये असे दोन बसतात. हा फ्लिप-फ्लॉप फक्त चढत्या कडेवर बदलतो, त्यामुळे आत येणारा क्लॉक कितीही वाकडा असला तरी बाहेर ५० टक्केच मिळतात, अट एवढीच की लागोपाठच्या चढत्या कडांमधलं अंतर सारखं असावं.

मोठ्या सम संख्येसाठी निम्म्यापर्यंत मोजा आणि आउटपुट उलटा करा. ५० मेगाहर्ट्झवरून १ किलोहर्ट्झ हवा असेल तर भाजक ५०,००० आणि त्याचं निम्मं २५,०००. म्हणून १५ बिटांचा काउंटर ० ते २४,९९९ मोजेल, शून्यावर परतेल आणि त्याच कडेवर आउटपुट उलटेल. चुकून २५,००० पर्यंत मोजलं तर वारंवारता ९९९.९६ हर्ट्झ होते. ड्यूटी सायकल तरीही ५० टक्केच राहते, त्यामुळे ऑसिलोस्कोपवर नुसती नजर टाकून ही चूक सापडत नाही.

माझा सरळ नियम: शक्य असेल तिथे दोनने भागणारा टप्पा सर्वांत शेवटी ठेवा. जुना ७४९० हा काउंटर याचं उत्तम उदाहरण आहे. त्यात दोनचा आणि पाचचा असे वेगळे भाग असतात. क्लॉक आधी दोनच्या भागाला आणि मग पाचच्या भागाला दिला, तर शेवटचा आउटपुट दहापैकी दोनच ठोके वर राहतो. क्रम उलटा करा, आधी पाच आणि मग दोन, की त्याच चिपमधून समान भागांचा तरंग मिळतो. विषम भाजक हवा असून दुप्पट वारंवारतेचा क्लॉक हाताशी असेल तर हीच युक्ती वापरा: आधी विषम संख्येने, मग दोनने.

विषम संख्येने भागणे

दुप्पट क्लॉक नसेल तर उतरती कडही कामाला लावावी लागते. तीनचं उदाहरण घेऊ.

१. चढत्या कडेवर चालणारे दोन फ्लिप-फ्लॉप घ्या, पहिला आणि दुसरा. पहिल्याच्या डी इनपुटला दोन्ही आउटपुटचा नॉर (दोन्ही ० असतील तेव्हाच १) द्या, दुसऱ्याच्या डी इनपुटला पहिल्याचा आउटपुट. अवस्था ००, १०, ०१ अशा फिरतात. सुरुवातीला ११ आलीच तर पुढच्याच ठोक्याला ती ०१ होते, म्हणजे सर्किट अडकत नाही.

२. दुसऱ्याचा आउटपुट तिसऱ्या फ्लिप-फ्लॉपला द्या. हा उतरत्या कडेवर चालणारा हवा, म्हणजे तोच पल्स अर्धा ठोका उशिरा मिळतो.

३. दुसरा आणि तिसरा ऑर गेटमधून एकत्र करा.

अर्ध्या-अर्ध्या ठोक्याने पाहिलं तर चित्र असं दिसतं:

दुसरा: १ १ ० ० ० ०
तिसरा: ० १ १ ० ० ०
ऑर: १ १ १ ० ० ०

दुसरा खाली येतो तेव्हा तिसरा वरच असतो, म्हणून मध्ये ग्लिच (नको असलेला क्षणिक पल्स) येत नाही. पाचसाठी मूळ पल्स दोन ठोके रुंद ठेवा, सातसाठी तीन. बाकी रचना तीच. मूळ पल्स मात्र थेट फ्लिप-फ्लॉपमधूनच यायला हवा. काउंटरचे बिट गेटने डिकोड करून ते क्लॉक म्हणून वापरले, तर बिट बदलतानाचे बारीक काटे आउटपुटवर येतात.

या पद्धतीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली म्हणजे इनपुट क्लॉक स्वतः ५० टक्क्यांचा हवा. तो ४० टक्के वर असेल तर तीनच्या डिव्हायडरचा आउटपुट १.४ भागिले ३, म्हणजे सुमारे ४६.७ टक्के येतो; पाचच्या डिव्हायडरचा ४८ टक्के. भाजक वाढेल तशी चूक विरते. दुसरी किंमत वेळेची: दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत पोहोचायला संकेताला अर्धाच ठोका मिळतो. १०० मेगाहर्ट्झला म्हणजे १० ऐवजी ५ नॅनोसेकंद.

एफपीजीएमध्ये

एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपण लिहून ठरवतो अशी चिप. तिच्या आतल्या लॉजिकचा वेग फक्त कमी करायचा असेल तर नवा क्लॉक बनवूच नका. मूळ क्लॉक ठेवून क्लॉक-एनेबल, म्हणजे ठरावीक ठोक्यांनाच फ्लिप-फ्लॉप बदलू देणारा संकेत, वापरा. खरोखर वेगळा क्लॉक लागत असेल आणि चिपमधल्या पीएलएलला (एका क्लॉकवरून दुसऱ्या वारंवारतेचा क्लॉक बनवणाऱ्या सर्किटला) ती वारंवारता देता येत असेल, तर तो वापरणं बहुतेक वेळा बरं. स्वतः डिव्हायडर लिहिलाच, तर त्याचा आउटपुट ग्लोबल क्लॉक बफरवरून (चिपभर क्लॉक पोहोचवणाऱ्या खास मार्गावरून) न्या आणि टायमिंग टूलला तो जनरेटेड क्लॉक, म्हणजे दुसऱ्या क्लॉकपासून बनवलेला क्लॉक, म्हणून सांगा. सिम्युलेशनमध्ये वरचा आणि खालचा काळ वेगवेगळा मोजा, आणि विषम डिव्हायडर असेल तर ४० टक्क्यांचा इनपुट देऊनही एकदा चालवून बघा.