एकदिवसीय शर्यतींसाठी तरुण सायकलपटू कसा पारखावा

नाशिकला सायकलिंगचे वेड आहे, पण ते मुख्यतः लांब पल्ल्याचे. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, आणि आजही आपण सायकलपटूची ताकद मोजतो ती त्याने किती अंतर कापले व नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट किती मिनिटांत चढला, यावरून. युरोपातील एकदिवसीय शर्यतींसाठी एखादा तरुण व्यावसायिक सायकलपटू पारखायचा असेल, तर ही मापे बाजूला ठेवावी लागतात. बेल्जियममधील टूर ऑफ फ्लँडर्स या एकदिवसीय शर्यतीतील पॅटरबर्गचा चढ जेमतेम ३६० मीटरचा आहे. तो मिनिट-दीड मिनिटात संपतो. परंतु अखेरच्या वेळी तो समोर येतो तेव्हा अडीचशे किलोमीटर पायांखालून गेलेले असतात.

म्हणून आधी पाहावे ते थकल्यावर काय उरते. पॉवर मीटरचे, म्हणजे पायांची ताकद वॅटमध्ये मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे हाती असतील, तर ताज्या पायांनी पाच मिनिटे दिलेले सरासरी वॅट आणि २,५०० किलोज्यूल खर्च झाल्यानंतर, म्हणजे २५० वॅटच्या सरासरीने पावणेतीन तास चालवल्यानंतर, तेवढ्याच वेळात दिलेले वॅट शेजारी मांडावेत. दोघे सारख्याच वजनाचे असले, तर ४२० वरून ४०० वर उतरणारा मुलगा मला ४५० वरून ३८० वर येणाऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो. तेवीस वर्षांखालील गटातील विजय याच कारणाने जपून वाचावेत. तिथल्या शर्यती बऱ्याच आखूड असतात, आणि खरी परीक्षा त्यानंतरच्या सत्तर-ऐंशी किलोमीटरमध्ये होते.

शरीरयष्टीचा विचार त्यानंतर. पॅरिस–रुबे शर्यतीच्या सपाट दगडी रस्त्यांवर एकूण वॅट कामी येतात, तिथे वजनदार गडी टिकतो. लिएज–बास्तोन–लिएज शर्यतीच्या चढांवर मात्र दर किलो वजनामागचे वॅट निर्णायक ठरतात.

आकड्यांत न दिसणारी गोष्ट म्हणजे घोळक्यात पुढची जागा राखण्याची हातोटी, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. फ्लँडर्सचा शेवट आपल्याकडे रात्री आठच्या सुमारास दिसतो. त्या वेळी आघाडीवर कोण आहे ते सोडून ऑडे क्वारेमॉन्ट या चढाच्या तोंडाशी आपला मुलगा कितवा आहे, ते मोजावे. रस्ता अरुंद होण्यापूर्वी तो पहिल्या वीसांत शिरला असेल आणि त्यासाठी त्याला इतरांचा आडोसा सोडून वाऱ्यात फारसे यावे लागले नसेल, तर त्याला शर्यत वाचता येते. चाळिसावा असेल, तर पुढच्याने पाय टेकताच त्यालाही थांबावे लागेल, मग वॅट कितीही असोत. त्याचे कोपर सैल आहेत का, खांदे लागले तरी तो ब्रेक दाबत नाही ना, हेही पाहावे.

वयाबाबत घाई करू नये. रेम्को एव्हेनपूलने २०२२ मध्ये बाविसाव्या वर्षी लिएज जिंकली, तर मॅथ्यू हेमनला रुबे २०१६ मध्ये सदतिसाव्या वर्षी मिळाली. या शर्यती वसंतात होतात; किमान तीन वसंत ऋतूंची नोंद झाल्याखेरीज मी मत बनवत नाही.

निकालपत्रक वाचताना संघातील काम अवश्य तपासावे. ऐंशीव्या क्रमांकावर आलेला मुलगा दोनशे किलोमीटरपर्यंत कर्णधारासाठी बाटल्या आणत आणि पुढे वारा अडवत असेल, तर क्रमांकापेक्षा तो कोणत्या चढावर व किती किलोमीटर उरले असताना मागे पडला, हे वहीत लिहावे आणि पुढच्या वर्षी त्याच चढावर त्याला पुन्हा शोधावे.