‘कशावरून?’ नावाचा रकाना

पुण्यातल्या एका पेठेतला वाडा पाडायला काढला, तेव्हा माळ्यावरून दोन लोखंडी ट्रंका खाली उतरल्या. त्यात सहाशेच्या वर फोटो होते. मुंजी, लग्नं, डोहाळजेवणं हे तर असणारच. पण त्याखेरीज आखाड्यातले मल्लखांबपटू, रेल्वेच्या वर्कशॉपमधले फिटर, मुंबईची ट्राम, कुणा साहेबाचा निरोपसमारंभ, काचेच्या अकरा प्लेटा (म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह), आणि अगदी तळाशी एका तान्ह्या बाळाचा फोटो, बहुधा ते गेल्यानंतर काढलेला. मी इतिहासात एम.ए. करून जुने फोटो जपणाऱ्या एका छोट्या संग्रहात नुकतीच रुजू झाले होते. ट्रंका माझ्याकडे आल्या आणि या कामात नव्यानं येणारे बहुतेक जण करतात ती चूक मी पहिल्याच आठवड्यात केली. फोटो विषयवार लावले.

लग्नं एका गठ्ठ्यात, शाळा दुसऱ्यात, अनोळखी माणसं तिसऱ्यात. पण ते फोटो ज्या पाकिटांत होते त्यांवर कुठे स्टुडिओचं नाव होतं, कुठे अर्धा पत्ता, कुठे नुसतं ‘ताईकडचे’. एका पाकिटातले सात फोटो एकाच घरून आलेले असतात. त्यातल्या एकावर नाव सापडलं तर उरलेल्या सहांचा माग लागतो. तो माग मी पुसून टाकला. पुन्हा जुळवाजुळव करायला आठ महिने गेले आणि काही पाकिटं आजही जुळलेली नाहीत. तेव्हा या क्षेत्रात येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: ट्रंक उघडली की हात लावायच्या आधी मोबाइलनं ट्रंकेचाच फोटो काढा. एकेक थर उचलाल तसतसा प्रत्येक थराचा काढा. मग ज्या क्रमानं वस्तू निघाली त्याच क्रमानं तिला क्रमांक द्या. विषयवार यादी नंतर संगणकावर हवी तेवढ्या वेळा करता येते.

क्रमांक मऊ पेन्सिलीनं, फोटोच्या मागे, कडेला, हलक्या हातानं लिहायचा. बॉलपेन वापरायचं नाही, त्याची रेघ पुढच्या बाजूनं उमटते. काचेची प्लेट सुती हातमोज्यांतून निसटते. नायट्राइलचे, म्हणजे पातळ रबरी, हातमोजे घाला आणि प्लेट दोन्ही हातांनी कडेला धरा. प्लेटा आडव्या रचू नका, लांब कडेवर उभ्या ठेवा. भर पावसाळ्यात डबे उघडे टाकू नका. डांबरगोळ्या फोटोंच्या डब्यात नकोत, आणि लॅमिनेशन तर कधीच नको. प्रेमापोटी लॅमिनेट केलेले कितीतरी फोटो मी कायमचे गेलेले पाहिलेत. फिल्मच्या डब्यातून शिरक्यासारखा आंबट वास आला, तर ती अॅसिटेट फिल्म कुजू लागली आहे, तिला बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची फिल्म असेल आणि कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल, तर ती नायट्रेटची असू शकते. ती पेट घेते. तिथे स्वतःचं डोकं न चालवता जाणकाराला बोलवा.

आता नोंदवहीकडे येते, कारण खरं काम तिथेच असतं. बहुतेक ठिकाणच्या नोंदवहीत क्रमांक, आकार, विषय, व्यक्ती, स्थळ, काळ असे रकाने असतात. आमच्या वरिष्ठ बाईंनी त्यात आणखी एक आखून घेतला होता: ‘कशावरून?’ नाव लिहिलंत, तर ते कशावरून ते लिहा. मागच्या अक्षरावरून? घरातल्या कुणी सांगितलं? कुणी, कधी, फोटो बघून की आठवणीवरून? साल लिहिलंत, तर ते कशावरून? सुरुवातीला मला हा जाच वाटायचा. पण चुकीचं नाव कोऱ्या जागेपेक्षा वाईट असतं. कोरी जागा कुणीतरी कधीतरी भरतं; एकदा लावलेलं चुकीचं नाव कुणी तपासतच नाही, ते पुस्तकांत जातं, फ्लेक्सवर जातं, शाळेच्या भिंतीवर जातं.

काळ ठरवायला फोटोची पाठ आधी बघायची. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिन असेल तर तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. शिक्क्याचा काळ म्हणजे प्रतीचा काळ. निगेटिव्ह त्याच्या चाळीस वर्षं आधीची असू शकते, आणि या दोन गोष्टींची गल्लत फार होते. मग पुढची बाजू भिंगाखाली. मुंबईच्या रस्त्यावर ट्राम चालताना दिसली तर ३१ मार्च १९६४ च्या आधीचा फोटो, त्या रात्री शेवटची ट्राम धावली. ताजमहाल हॉटेल आहे पण समोर गेटवे नाही, तर १९०३ ते १९२४ च्या मधला. काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा मूळ पुतळा, स्वारासह जागेवर असेल तर १९६५ किंवा त्याआधीचा. मोटारीवर ‘एमएच १२’ असेल तर १९८९ नंतरचा. ही माहिती कुठल्याही अभ्यासक्रमात सलग मिळत नाही, आपली आपण वही करावी लागते. माझी वही सहामाहीला वाढते. त्यात मुंबईतल्या १८९६-९७ च्या प्लेगचंही पान आहे. त्या फोटोंत घरांच्या दारांवर रंगवलेली वर्तुळं दिसतात. घरात प्लेगचा रोगी सापडल्याची ती सरकारी खूण. ते माहीत नसेल तर माणूस ‘चाळीतलं एक दार’ असं लिहून पुढे जाईल.

काचेच्या प्लेटांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. अकरापैकी एका प्लेटवर तुळशीवृंदावनाच्या पायरीशी बसलेले एक उघड्या अंगाचे शास्त्रीबुवा होते. मी प्लेट स्कॅन केली, पॉझिटिव्ह केली, छान प्रत छापली आणि वाड्यातल्या आजींना दाखवायला नेली. आजी नव्वदीला टेकलेल्या. त्यांनी चष्मा वर केला, प्रत डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, “हे श्राद्धाला बसलेत का गं? जानवं अपसव्य आहे.”

मी पुन्हा पाहिलं. जानवं उजव्या खांद्यावरून डाव्या कुशीत गेलेलं होतं. एरवी ते डाव्या खांद्यावर असतं. उजव्या खांद्यावर घेतात ते पितरांच्या कार्यात. त्या वेळी कुणी फोटोला बसत नाही. मी प्लेट उलट्या बाजूनं स्कॅन केली होती. प्लेटची एक बाजू चकचकीत असते, ती काच; दुसरी निस्तेज, तो इमल्शनचा, म्हणजे चित्र ज्यात उमटतं तो थर. दिव्यासमोर तिरकी धरली की फरक कळतो. मी घाईत ते पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक फोटोत मी आधी हे तपासते: बाईचा पदर डाव्या खांद्यावर आहे ना, नथ डाव्या नाकपुडीत आहे ना, कोटाची बटणं बरोबर बाजूला आहेत ना, पाटीवरची अक्षरं सुलटी आहेत ना. घाटाचा किंवा देवळाचा फोटो असेल तर उलट्या प्रतीत अख्खी नदी दुसऱ्या बाजूनं वाहते, आणि त्यावरून कुणीतरी जागा शोधत बसतं. आजींचं वाक्य मी ‘कशावरून?’ च्या रकान्यात तारखेसह जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे.

मजकुरावर विश्वास कितपत ठेवावा, यासाठी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा एक फोटो मी नव्या मुलांसमोर ठेवते. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात: लुगड्यातल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या केई ओकामी, आणि सीरियाच्या पोशाखातल्या साबात इस्लामबुली. या फोटोखालच्या मजकुराची जी नक्कल सगळीकडे फिरते, तिच्यात आनंदीबाईंच्या गावाचं नाव ‘सेरानिसोर’ असं आहे आणि इस्लामबुलींचं नाव ‘ताबात’. सेरानिसोर नावाचं गाव शोधून सापडणार नाही. ते सेरामपूर आहे, हुगळीकाठचं. त्यांचे पती गोपाळराव यांची पोस्टातली बदली तिथे झाली होती आणि आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या त्या तिथूनच. वळणदार इंग्रजी अक्षरातले ‘एम’ आणि ‘पी’ कुणीतरी ‘एन, आय, एस’ असे वाचले. आपल्याकडे त्यावर आणखी एक धोका आहे: मराठी माणूस ‘श्रीरामपूर’ वाचतो आणि नगर जिल्हा डोळ्यांसमोर आणतो. आनंदीबाईंचा जन्म कल्याणचा, मृत्यू पुण्यात, २६ फेब्रुवारी १८८७ ला. त्या श्रीरामपूरशी त्यांचा काही संबंध नाही.

आणखी एक बघा. त्या मजकुरात तिघींच्याही नावाआधी ‘डॉ.’ आहे. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे फोटो १८८५ चा असला तरी मजकूर त्याच दिवसाचा असेल असं धरून चालता येत नाही. तो पाचेक वर्षांनी, तिघीही डॉक्टर झाल्यावर लिहिलेला असण्याची शक्यता मोठी. कागदावरच्या दोन अक्षरांवरून एवढं निघतं. हे काम मला आवडतं ते यासाठी.

त्या तिघींना निदान नावं मिळाली. संग्रहात बहुतेकांना ती नसतात, आणि याचं कारण दर वेळी विसराळूपणा नसतो. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली सुरू झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले एक जाणते छायाचित्रकार. त्याच मंडळींतल्या विल्यम जॉन्सननं मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. त्यात माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागचं दृश्य दुसरीकडचं, असे जोडून केलेले फोटो आहेत. मागचं देऊळ बघून ‘ही माणसं इथली’ असं लिहाल तर फसाल. पुढे सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात ‘पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड छापले. त्यांतली बहुसंख्य माणसं ‘अमुक जातीचा नमुना’ म्हणून उभी आहेत; जात आहे, धंदा आहे, नाव नाही. असे फोटो यादीत घेताना जुना मजकूर मी अवतरणात ठेवते, कारण तो त्या काळाचा पुरावा आहे, आणि खाली स्वतंत्र ओळ लिहिते: ‘व्यक्तीचे नाव नोंदवलेले नाही.’ ‘अज्ञात’ हा शब्द मी टाळते. त्या माणसाला स्वतःचं नाव ठाऊक होतंच, विचारलं मात्र कुणी नाही.

आपल्या घरांतही हेच आहे. वाड्यातल्या ट्रंकेत पुरुषांच्या मागे पूर्ण नाव, हुद्दा, कधी पगारसुद्धा. बायकांच्या मागे ‘सौ.’ किंवा ‘मंडळी’. म्हणून घरोघर जाऊन विचारायची सवय लावून घ्या. विचारताना आपण नाव सुचवायचं नाही. “ही तुमची आत्या ना?” म्हटलं की समोरचं माणूस मान डोलावतं. त्यापेक्षा “हे अंगण कुठलं?”, “हे लुगडं कुणाचं?”, “फोटो काढायला कोण आलं होतं?” असं विचारा. दोन बहिणींना एकत्र बसवू नका; एकीचं दुसरी उचलते. बोलणं रेकॉर्ड करा, पण आधी विचारून.

वाड्यातल्या घरचा एक अल्बम १२ जुलै १९६१ च्या पुरातून वाचलेला आहे. पानशेतचं धरण फुटलं, त्या पाण्यात तो होता. काळी पानं एकमेकांना चिकटलेली, चार फोटोंचे चेहरे समोरच्या पानाला लागून निघालेले. आमच्याकडे आधी कुणीतरी ते सुटे करायचा प्रयत्न केला होता आणि दोन फोटो गेले. चिकटलेलं पान, फ्रेमच्या काचेला धरलेला फोटो, यांना स्वतः हात लावू नका. आहे तसा स्कॅन करा आणि संवर्धकाकडे द्या. पुराच्या पाण्याचा डाग झाकायचाही नाही. पाणी कुठवर आलं होतं, ते त्या पानावर दिसतं.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात: दोन्ही बाजू, पूर्ण कड दिसेल असं, निदान ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके), टिफ या प्रकारच्या फाइलमध्ये. फाइलला नाव द्यायचं ते नोंदीच्या क्रमांकाचं. डाग पुसायचे असतील तर वेगळ्या प्रतीवर.

शिक्षणाचं विचाराल, तर इतिहास, पुरातत्त्व, ग्रंथालयशास्त्र यांपैकी काहीही चालतं. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेखविद्येचा डिप्लोमा आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र शिकवतात, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. फिल्मकडे ओढा असेल तर फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या कार्यशाळा बघा. मोडी जरूर शिका. पगाराचं खरं सांगते: सुरुवात कमी असते, आणि बरीच कामं प्रकल्पापुरती, वर्षभराच्या करारावर मिळतात. मी पहिली तीन वर्षं संध्याकाळी शिकवण्या घेत होते. घरी आधी हे स्पष्ट बोलून घ्या.

हक्कांचंही शिकून घ्या. आपल्या कायद्यात प्रसिद्ध झालेल्या फोटोवरचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं असे; आता तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं असतो, आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोवर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. पण कायद्यानं चालत असलं तरी घरच्यांना विचारल्याशिवाय मी काही बाहेर देत नाही. त्या बाळाचा फोटो आम्ही नोंदवला, जपला आणि कुठेही दाखवला नाही.

ट्रंकेतला २१७ क्रमांकाचा फोटो अजून माझ्या टेबलावर आहे. खुर्चीत बसलेली एक तरुण बाई, मांडीवर उघडं पुस्तक, बोट एका ओळीवर. मागे बेळगावच्या कुठल्यातरी स्टुडिओचा पुसट शिक्का. नवं कुणी रुजू झालं की पहिल्या दिवशी मी तोच फोटो आणि भिंग हातात देते. गेल्या वर्षी आलेल्या मुलीनं खिडकीपाशी जाऊन तो तिरका धरला आणि शिक्क्यातलं एक अक्षर वाचलं, जे मला चार वर्षांत वाचता आलं नव्हतं. रकान्यात तिचं नाव आहे, तारीख आहे, आणि ‘सकाळच्या तिरप्या उजेडात’ असं तिनंच लिहिलं आहे.